गिट अपडेट केलं, पण नेमकं कुठलं?

गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, रेपो म्हणजे त्यात ठेवलेला प्रकल्प, क्लोन म्हणजे त्याची आपल्या मशीनवर उतरवलेली प्रत. 'रेपो फक्त क्लोन केला, कोड कुठे चालवला?' असं म्हणून निर्धास्त राहू नका. एरवी समोरच्याचे हुक्स (ठरावीक वेळी गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट) क्लोनबरोबर येत नाहीत, म्हणून साध्या क्लोनला घाबरायचं सहसा कारण नाही. घात होतो तो बहुतेकदा सबमॉड्यूलसकट (रेपोच्या आत जोडलेल्या दुसऱ्या रेपोसकट) क्लोन मारताना.

जुलै २०२५ मध्ये दुरुस्त झालेली सीव्हीई-२०२५-४८३८४ ही सुरक्षेतली त्रुटी बघा (सीव्हीई म्हणजे अशा त्रुटींना दिलेला क्रमांक). सबमॉड्यूलच्या पाथच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर असतं. गिट तो पाथ आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहितं आणि परत वाचताना ते अक्षर गळतं. पाथ बदलतो. त्या बदललेल्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) हुक्सच्या फोल्डरकडे वळवलेली असली, की हल्लेखोराची स्क्रिप्ट पोस्ट-चेकआउट हुक (फाइल्स उतरल्यावर चालणारा) म्हणून चालते. लिनक्स आणि मॅकवर हे होतं. विंडोजवर फाइलच्या नावात हे अक्षर चालतच नाही.

दुरुस्ती २.५०.१ मध्ये आहे. जुन्या मालिकांत २.४९.१, २.४८.२ असं करत २.४३.७ पर्यंत. नवखे फसतात ते इथेच. 'गिट --व्हर्जन' फक्त टर्मिनलला सापडलेलं गिट सांगतं. मॅकवर एक्सकोडच्या टूल्सचं वेगळं, होमब्रू या पॅकेज इन्स्टॉलरचं वेगळं. 'व्हिच -ए गिट' दोन्ही दाखवेल, पण गिटहब डेस्कटॉप स्वतःचं गिट आणतं, ते त्यात दिसणार नाही. सीआयच्या (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) डॉकर इमेजमध्ये, म्हणजे तिच्या तयार साच्यात, आणखी एक. प्रत्येक प्रत वेगळी तपासा, वेगळी अपडेट करा. उलट उबुंटू २२.०४ वर २.३४.१ दिसलं म्हणून हादरू नका. तिथे आकडा तोच ठेवून नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणतात. पॅकेजचा चेंजलॉग वाचा, त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधा.

अनोळखी रेपो असेल तर आधी साधा क्लोन करा, मग सबमॉड्यूलांची यादी असलेली फाइल न दिसणाऱ्या अक्षरांसकट बघा: 'कॅट -व्ही .गिटमॉड्यूल्स'. कॅरेज रिटर्न तिथे ^एम असं दिसतं. प्रत्येक ओळीच्या टोकाला ^एम दिसला तर ते विंडोजचे लाइन-एंडिंग, सोडून द्या. बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाच्या आत ^एम असेल तर सबमॉड्यूल अपडेट करूच नका.

फोल्डरचा मालक दुसरा कुणी दिसला की गिट 'ड्युबियस ओनरशिप'ची एरर देतं. मग सीनियर 'सेफ.डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये तारा (*) टाकायला सांगतात. कुणीही सांगो, टाकू नका. सामायिक मशीनवर दुसऱ्याने पेरलेल्या .गिट फोल्डरमधली कमांड तुमच्या नावाने चालू नये म्हणून २०२२ मध्ये २.३५.२ ने ही तपासणी आणली. ताऱ्याने ती सगळीकडे बंद पडते. फोल्डर तुमचाच असेल तर 'चोन' कमांडने मालकी सुधारा, नाहीतर त्या सेटिंगमध्ये त्या एकाच फोल्डरचा पूर्ण पाथ द्या.