श्टुटगार्टात घर: भाड्याचं की स्वतःचं?

२०१५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या फाइहिंगन भागात मला पहिल्या घराची चावी मिळाली, आणि आत स्वयंपाकघरच नव्हतं. खोली होती, भिंतीतून पाण्याच्या नळीची दोन तोंडं बाहेर आलेली होती. ओटा, शेगडी, सिंक काही नाही. आधीचा भाडेकरू सगळं काढून घेऊन गेला होता, आणि जर्मनीत तशीच रीत आहे. पहिले तीन आठवडे मी इंडक्शनच्या एका प्लेटवर वरणभात केला आणि भांडी बाथरूममध्ये घासली.

म्हणून पहिली गोष्ट: जाहिरात नीट वाचा. 'आइनबाउक्युखे' असं लिहिलं असेल तरच स्वयंपाकघर जोडलेलं मिळतं. '३ त्सिमर' म्हणजे थ्री बीएचके नव्हे. इथे हॉलही खोल्यांत मोजतात, त्यामुळे तो आपला टू बीएचके. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा 'काल्टमीटे' असतो, म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची वीज धरून होते ती 'वार्ममीटे', आणि घरातली वीज व इंटरनेट त्याहूनही वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकंच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. घरमालकाने एकरकमी मागितलं म्हणून घाबरून मित्राकडून उसने घेऊ नका. मी घेतले होते.

पुण्या-चाकणहून गाड्यांच्या कामासाठी इकडे येणारी मंडळी दोनेक वर्षांत मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, भाड्यात पैसे वाया चाललेत, घेऊन टाकू का?" आपल्याकडे हा प्रश्न बरोबर असतो. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी भाडेवाढ, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की घर रिकामं करा. इथलं भाडं वेगळं आहे. करार साधारणपणे बेमुदत असतो. तुम्ही तीन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही निघू शकता, पण मालकाला तुम्हाला काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं, उदाहरणार्थ त्याला स्वतःला राहायचं आहे. त्यातही तुम्ही पाच वर्षांहून जास्त राहिला असाल तर सहा महिने आणि आठ वर्षांनंतर नऊ महिने आधी सांगावं लागतं. चालू करारातलं भाडं शहराच्या भाडेतक्त्यापर्यंतच (त्या भागातल्या प्रचलित भाड्यांचा तक्ता) नेता येतं, तेही तीन वर्षांत २० टक्क्यांवर नाही. श्टुटगार्टसारख्या टंचाईच्या शहरांत ती मर्यादा १५ टक्के आहे.

फक्त करारात 'श्टाफेलमीटे' किंवा 'इंडेक्समीटे' हे शब्द शोधा. पहिल्यात दर वर्षीची वाढ आधीच लिहिलेली असते, दुसऱ्यात भाडं महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं असतं. २०२२ च्या महागाईत इंडेक्सवाल्यांचे चेहरे मी पाहिलेत.

आता विकत घेण्याकडे. परदेशी माणसाला जर्मनीत घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. खरी अडचण बँकेची. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या मुदतीच्या परवान्यावर, असताना मी २०१७ मध्ये दोन ठिकाणी विचारलं. एका बँकेने नम्रपणे नाही म्हटलं, दुसरीने किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम स्वतःची आणायला सांगितली. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आली तशी भाषाच बदलली. ब्लू कार्डवाल्यांना जर्मनची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांत आणि ए-१ वर २७ महिन्यांत पीआरसाठी अर्ज करता येतो. तेव्हा घराआधी भाषेचा क्लास. आणि उलटं समजू नका: घर घेतल्याने इथे राहण्याचा कोणताही हक्क मिळत नाही. नोकरी गेली आणि व्हिसा संपला तर घर इथे, तुम्ही सांगलीत.

माझ्याकडे कोणी सल्ल्याला आलं की मी कागद घेते आणि हा हिशोब मांडते. समजा फ्लॅट ४ लाख युरोचा. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, खरेदीकर ५ टक्के, म्हणजे २०,००० (शेजारच्या बायर्नमध्ये ३.५, तर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ६.५). नोटार (खरेदीचा करार करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) आणि जमीननोंदणी मिळून साधारण २ टक्के, ८,०००. एजंट, इथला 'माक्लर', असेल तर तुमच्या वाट्याचे ३.५७ टक्के, १४,२८०. एकूण ४२,२८०. हे पैसे सही केली त्या दिवशी गेले. घरात ते नाहीत, आणि बँकही सहसा यावर कर्ज देत नाही, ते खिशातूनच काढावे लागतात.

वर ८०,००० स्वतःचे भरून उरलेल्या ३ लाख २० हजारांचं कर्ज ३.७ टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या वर्षी नुसतं व्याज ११,८४०. 'हाउसगेल्ड' म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स. त्यातला व्यवस्थापनाचा खर्च आणि दुरुस्ती-निधी हा भाडेकरूला न लागणारा भाग महिना १२० धरा, वर्षाला १,४४०. तुमचे अडकलेले १,२२,२८० मुदत ठेवीत अडीच टक्क्यांनी असते तर साधारण ३,०५० मिळाले असते. बेरीज १६,३३०. तोच फ्लॅट १,२०० काल्टमीटेला मिळत असेल तर वर्षाचं भाडं १४,४००.

म्हणजे भाडंच स्वस्त, तेही ते ४२,२८० न धरता. ती रक्कम पाच वर्षांवर पसरली तर वर्षाला आणखी ८,४५० पडतात, दहा वर्षांवर ४,२३०. पाच वर्षांत निघायचं असेल तर घराची किंमत दर वर्षी जवळपास अडीच टक्के वाढली तरच तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला येता. शिवाय ठरलेल्या व्याजाची मुदत संपायच्या आत कर्ज फेडलं तर बँक नुकसानभरपाई घेते. दहा वर्षं झाली की कायद्याने सहा महिन्यांच्या नोटिशीवर मोकळं होता येतं. स्वतः न राहता भाड्याने दिलेलं घर दहा वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर आयकर लागतो, स्वतः राहत असाल तर नाही. सगळे आकडे दहाकडे बोट दाखवतात. म्हणून मी किंमत नंतर विचारते. आधी विचारते, "आईवडिलांना कोण बघतंय?"

मी स्वतः २०२१ मध्ये श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगनला घेतलं, १.१ टक्क्याने, पंधरा वर्षांसाठी बांधून. पुढच्याच वर्षी दर तिप्पट झाले. यात माझी हुशारी शून्य, त्यामुळे "तुम्ही नाही का घेतलंत" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

हुशारी असेल तर ती २०१९ च्या न घेतलेल्या घरात आहे. एस-बान म्हणजे लोकलच्या स्टेशनजवळ, दुपारचं ऊन थेट हॉलमध्ये, नवरा तर पडद्यांचा रंग ठरवून बसला होता. मी मालकांच्या सभेची तीन वर्षांची इतिवृत्तं मागितली. एजंट म्हणाला, रटाळ असतात. तिसऱ्या इतिवृत्तात, सायकलींच्या भांडणानंतर, एक ओळ होती: तळघरातल्या गॅरेजचं छत झिरपतं, प्रत्येक मालकाकडून जादा वर्गणीचा विचार. आमचा वाटा निघत होता १४,०००. ही इतिवृत्तं, दुरुस्ती-निधीची शिल्लक, बॉयलरचं वय आणि 'ग्रुंडबुख' म्हणजे जमीननोंदवहीचा उतारा (कुणाचा जाण्यायेण्याच्या वाटेचा किंवा तहहयात राहण्याचा हक्क नोंदलेला आहे का) पाहिल्याशिवाय पडदे बघू नयेत. जमीनच भाडेपट्ट्याची असेल तर 'एर्बबाउरेख्ट' हा शब्द दिसेल. तिथे किंमत आकर्षक असते, पण जमिनीचं भाडं भरत राहावं लागतं.

परतायचा विचार असेल त्यांच्यासाठी: परदेशात राहत असताना घेतलेलं घर भारतात परतल्यावरही फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार ठेवता येतं. मात्र तुम्ही तिथले पूर्ण निवासी झालात की आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावंच लागतं.

नोटारकडे जाताना जर्मन कच्चं असेल तर दुभाषा न्या. नोटार संपूर्ण करार मोठ्याने वाचतो, आमचा दीड तास चालला, सत्यनारायणाच्या पोथीसारखा. मध्ये थांबवून विचारायचा हक्क आहे, विचारा. मी अकरा वेळा थांबवलं.

श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन प्रांतात जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते, 'केरवोखे', आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला तशी पाटी अडकवतात. जर्मनमध्येही केर काढण्याला 'केरेन' म्हणतात, हे मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे. फाइहिंगनला भाडेकरू म्हणून सहा वर्षं मी जिना झाडला. ब्योब्लिंगनला मालकीण झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी दाराच्या मुठीला ती पाटी अडकवलेली होती.