दंडवत: घालायचा कसा, म्हणायचा कुठे

दंडवत म्हणजे दंडासारखे, जमिनीवर आडव्या पडलेल्या काठीसारखे. शरीराने काय करायचे ते शब्दातच आले आहे. गुडघ्यांवर बसून नुसते डोके टेकले तर तो नमस्कार झाला, दंडवत नव्हे. शिवाय दंडवत 'घालतात'. हे क्रियापद सातशे वर्षांहून जुने आहे. लीळाचरित्र या महानुभाव पंथाच्या जुन्या ग्रंथात भेटीला आलेली माणसे 'दंडवतें घातली, श्रीचरणां लागले' अशीच येतात.

साष्टांगातली आठ अंगे मोजताना हमखास घोळ होतो. उर, शिर, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे ही ती आठ. यातली जमिनीला टेकतात ती पाचच, उरलेली तीन आतली. सूर्यनमस्कारात मात्र दोन पाय, दोन गुडघे, छाती, दोन हात आणि कपाळ असे आठ बिंदू टेकतात आणि कंबर वर उचललेली असते. दंडवतात ती उचलायची नाही.

आधी जागा बघा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात डोक्यापुढे ताणले की साधारण सात फूट लागतात. सभामंडपात कासवाच्या मागे, रांगेच्या वाटेतून बाजूला सरून उभे राहा. आपले पाय दुसऱ्या मूर्तीकडे होत नाहीत ना, तेही पाहा. खिशातला मोबाईल आणि चष्मा आधीच काढून ठेवा, कारण छाती टेकताना पहिल्यांदा त्यांच्यावरच भार येतो.

हात जोडून उभे राहा. गुडघे वाकवून एकेक करून टेका, मग दोन्ही तळहात जमिनीवर ठेवा आणि ते पुढे सरकवत पोट, छाती, कपाळ या क्रमाने खाली जा. शेवटी हात डोक्यापुढे लांब करून जोडा. उभ्याने एकदम पुढे झोकून दिले की सगळा भार मनगटांवर येतो आणि ती लचकतात. उठताना उलटा क्रम: तळहात खांद्यांजवळ आणा, गुडघ्यांवर या, दोन-तीन श्वास तसेच बसा, मग उभे राहा. उपवासाच्या दिवशी झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. गुडघे दुखत असतील किंवा दिवस गेले असतील तर हात जोडून मान लवली तरी पुरे. दृष्टी, मन आणि वाणी ही तीन अंगे तिथेही असतातच.

नवसाचा दंडवत अंतराचा असतो. आडवे झाल्यावर बोटे जिथे पोचतात तिथे काठीने किंवा खड्याने रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर पाय ठेवायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. एका दंडवताला सात फूट धरले तर एका किलोमीटरला सुमारे ४७० दंडवत होतात. नवस बोलण्याआधी हा हिशोब करावा. पहाटे आंघोळ करून ओल्या अंगाने सुरुवात केलेली बरी, कारण ऊन चढले की फरशी आणि डांबर दोन्ही भाजतात. सोबत एक माणूस हवाच: पुढचे खडे झाडायला, पाणी द्यायला आणि गर्दी थोपवायला. कोपरे आणि गुडघे सोलवटतात, म्हणून बाह्या पूर्ण असाव्यात.

लोटांगण वेगळे. त्यात अंग लोटायचे, म्हणजे कुशीवर गडगडत पुढे जायचे. बातम्यांत 'अमक्यापुढे लोटांगण घातले' म्हणजे लाचारीने शरण गेला. दंडवताला तसा वास नाही, पण 'कोपरापासून दंडवत' म्हटले की अर्थ उलटतो: तुमचा संबंधच नको. आदराच्या पत्रात हा प्रयोग कधीही करू नये.

पत्रात वडीलधाऱ्यांना 'शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्या माणसाला 'स. न. वि. वि.', इथे 'स' सप्रेमचा. एका कान्याने मान बदलतो, म्हणून आजोबांना लिहिताना तो विसरू नका.

महानुभाव पंथाचा माणूस भेटला की तो 'दंडवत प्रणाम' म्हणतो. त्याला 'नमस्कार' म्हटले तर चुकत नाही, पण 'दंडवत प्रणाम' हेच उत्तर त्याला आपले वाटते. इथे आडवे पडायची गरज नसते, हात जोडून म्हटले की पुरते. दूरच्या वडीलधाऱ्यांसाठी निरोप धाडताना म्हणावे, 'त्यांना माझा दंडवत सांगा.'