स्ट्रट बार लावूनही गाडी घाटात डुलते? या चुका टाळा

बॉनेट उघडल्यावर लाल चकचकीत स्ट्रट बार (पुढच्या सस्पेन्शनची दोन्ही डोकी जोडणारी दांडी) दिसला की गाडी 'रोडला चिकटून' चालते, असा समज फार घट्ट बसलाय. बार वाईट नाही. तो चुकीच्या वेळी, चुकीच्या गाडीत आणि चुकीच्या पद्धतीने बसवला जातो, दुखणं तिथे आहे.

आधी बार करतो काय ते पाहू. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत पुढच्या दोन्ही शॉकअपची डोकी बॉनेटखालच्या दोन टॉवरमध्ये, म्हणजे पत्र्याच्या उंचवट्यांमध्ये, बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाचा रेटा आपल्या बाजूच्या टॉवरला आत ढकलू पाहतो. टॉवर झुकला की चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, बदलतो. बार दोन्ही टॉवर एकमेकांना बांधून हे झुकणं कमी करतो, बस्स. आता हिशोब करा. टॉवरपासून चाकाच्या खालच्या सांध्यापर्यंतचं (बॉल जॉइंट) अंतर साधारण ६०० मिमी. टॉवर १ मिमी हलला तर कॅम्बर बदलतो सुमारे ०.१ अंश. त्याच वळणावर जोरात घेतलेली साधी हॅचबॅक तीन-चार अंश कलते, आणि त्या कलण्यातच बाहेरच्या चाकाचा कॅम्बर अंशा-दोन अंशाने बिघडतो. म्हणजे बार जेवढी दुरुस्ती करतो, ती या बिघाडाचा दहावा भागसुद्धा जेमतेम भरते.

यातच पहिली चूक सापडते: बॉडी रोल, म्हणजे वळणावरचं गाडीचं कलणं, कमी व्हावा म्हणून बार घेणं. रोल आवरतात ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणं रोखणारी दांडी). टॉवर बांधल्याने गाडी कमी कलत नाही. दुकानदार काहीही सांगो.

जुन्या सस्पेन्शनवर नवा बार

आधी कळस मग पाया, हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. पुण्यातल्या एका गॅरेजात आलेली २०१२ सालची स्विफ्ट याचा अस्सल नमुना. पुढे टॉवर बार, डिकीत मागचा बार, खाली लोअर बार, असा सगळा साज. तक्रार अशी की ताम्हिणीत वळणावर तोंड बाहेर पळतं, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. मालकाला आता चौथा बार हवा होता.

टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे होते ३११४, म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून टायर 'चांगले' होते. पण रबर इतकं कडक झालेलं की नख रुतत नव्हतं. डाव्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा रबरी बुश फाटलेला. टॉमी लावून रेटल्यावर आर्म पाच-सहा मिलिमीटर पुढे-मागे जात होता. ब्रेकला ओढण्याचं कारण हेच: ब्रेक लागला की डावं चाक मागे सरकायचं आणि टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं, बदलायचा. अँटी-रोल बारचे लिंक रॉड दोन्ही खडखडत होते. आणि ज्या बारवर एवढा भरवसा, त्याचे दोन्ही सांधे एकेका बोल्टवर फिरणारे, भोकं झिजून लांबट झालेली. बार हातानेच टकटक हलत होता.

पुढचे दोन्ही आर्म बुशसह नवे टाकले, लिंक रॉड बदलले, चार टायर घातले, अलाइनमेंट केलं. पहिली फेरी तिन्ही बार काढून मारली. ओढणं गेलं, तोंड वळायला लागलं. मग पुढचा बार परत लावून त्याच रस्त्याने नेली, तर मालकाला फरक सांगता आला नाही. लोअर बार तर स्पीडब्रेकरला घासून आधीच वाकला होता. तो परत लावलाच नाही.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा. टायरचं वय आणि हवा आधी. हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. पंपावर सवयीने 'चाळीस मारा' म्हणणाऱ्याने हँडलिंगबद्दल बोलू नये. मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकअपची वरची माउंटिंग, शॉकअप स्वतः. मग अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद हातात. हे सगळं नीट असेल तरच बारचा विषय काढायचा. घाई असलेला मुलगा हा क्रम बरोब्बर उलटा करतो, कारण बार अर्ध्या तासात बसतो आणि फोटोत दिसतो. बुश दिसत नाही.

जॅकवर उचलून बार बसवणं

गाडी जॅकवर घेतली की चाकं लोंबतात, टॉवरवरचा भार निघतो आणि बॉडी किंचित वेगळ्या आकारात येते. त्या अवस्थेत बार आवळून गाडी खाली सोडली की बार ताणात किंवा दाबात अडकतो. शिवाय टॉवरचे तीन नट काढल्यावर लोंबता स्ट्रट खाली घसरतो. जमिनीवर गाडीच्या वजनाने तोच स्ट्रट टॉवरला खालून घट्ट बसलेला असतो.

म्हणून गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं जमिनीवर. चार-पाच मीटर पुढे-मागे फिरवून सस्पेन्शन बसू द्या. एका वेळी एकाच बाजूचे बाहेरचे नट काढा. मधल्या मोठ्या नटाला हात लावू नका. तो शॉकअपच्या दांड्याचा नट आहे, आणि दाबलेली स्प्रिंग त्याच्याच भरवशावर आवरलेली असते. काही गाड्यांत टॉवरवर फक्त मधलाच नट असतो. त्यांच्यासाठी वेगळी पट्टी (बारच्या टोकाचा, टॉवरवर बसणारा तुकडा) लागते, तिथे घरी प्रयोग नकोत.

पट्टी टॉवरवर पूर्ण टेकली पाहिजे. सीलंटचा ओघळ किंवा वेल्डची गाठ खाली आली तर ती अधांतरी राहते, नट आवळताना वाकते आणि महिन्याभरात नट ढिले होतात. पाच मिलिमीटरच्या पट्टीनंतर नटाच्या वर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तो बार त्या गाडीचा नाही. टॉर्क कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. एम-८ चे नट साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरवर आवळतात. लांब पान्याला लटकून आवळणाऱ्यांनी स्टड तोडल्यावर अख्खी माउंटिंग बदलावी लागते.

लांबी कमी-जास्त करायची सोय असेल तर बोल्ट दोन बोटांनी सहज आत जाईल इतपतच जुळवा आणि लॉकनट आवळा. 'थोडा ताण देऊन ठेवा, जास्त चांगलं' हा सल्ला ऐकू नका; त्याने टॉवर ढकलले जातात आणि आधीचं अलाइनमेंट बिघडतं. शंभर आणि पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

लोअर बारसाठी सबफ्रेमचे बोल्ट खोलणं

हे काम बारपेक्षा जास्त जबाबदारीचं आहे, आणि लोक ते रस्त्याच्या कडेला करून घेतात. सबफ्रेमचे (इंजिनाखालच्या, सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) सगळे बोल्ट एकदम सोडले की सबफ्रेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकते आणि स्टिअरिंग वाकडं बसतं. आधी रंगाने खुणा करा, खाली जॅकचा टेकू द्या, एका वेळी एकच बोल्ट. फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत हे बोल्ट ठरावीक टॉर्क आणि वर ९० अंश असे आवळतात. ते ताणले जातात, त्यामुळे परत वापरायचे नसतात. बारची पट्टी मध्ये आली की तेवढाच लांब, त्याच आट्यांचा आणि त्याच ग्रेडचा बोल्ट हवा. हार्डवेअरच्या दुकानातला एम-१० बोल्ट १.५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) असतो, जपानी कंपन्यांच्या गाड्यांतला बहुतेक वेळा १.२५ चा. दोन आटे हाताने जातो, तिसऱ्याला अडतो, मग पोरगा इम्पॅक्ट गन लावतो आणि बॉडीतला नट खलास.

जमिनीपासूनचं अंतरही धरा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. सोसायटीच्या गेटसमोरचा कसा असतो ते सांगायला नको. चार माणसं बसल्यावर अडीच सेंटीमीटर खाली लोंबणारा बार तिथे घासणारच.

बाकीच्या, थोडक्यात

स्विफ्ट, पोलो, आय-२०, टियागो यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई, असतो. आडवा रेटा बीमच्या पुढच्या दोन बुशांतून बॉडीत जातो, त्यामुळे डिकीतला बार फक्त सामानाची जागा खातो. जुन्या एस्टीमला मागेही स्ट्रट होते, तिथे त्याला थोडा तरी अर्थ.

बोलेरो, थार यांच्यासारख्या चेसिसवरच्या गाड्यांत बॉडीचे दोन कोपरे बांधून काही साधत नाही.

त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा बार स्टीलच्या एक-तृतीयांशच ताठ असतो. हलका आहे, एवढंच.

इंजिन चुकवायला धनुष्यासारखा वाकवलेला बार दाबाखाली आणखी वाकतो. सरळ आणि एकसंध घ्या. बोल्टवर फिरणारे सांधे भोकात अर्धा मिलिमीटर जरी ढिले असले, तरी जे थांबवायचंय तेवढी हालचाल तिथेच होते.

बॉनेट जोरात आपटण्याआधी बारवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कणकेचा गोळा ठेवून ते हळूच बंद करा. उघडल्यावर कणीक दहा मिलिमीटरपेक्षा पातळ झालेली दिसली तर बार खाली घ्यावा लागेल. इंजिन आणि बार यांच्यातही दोन सेंटीमीटर मोकळे ठेवा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटिंगवर डुलतं.

एक चाक जोरात खड्ड्यात किंवा दुभाजकावर आदळलं तर बार तो धक्का दुसऱ्या टॉवरलाही पोचवतो. दुरुस्तीत दोन्ही बाजू मोजून घ्या. बार बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

विकत घेण्याआधी मोजा

टॉवर खरंच हलतात का, हे पाहायला भंगारातले दोन पाइप पुरतात. एकात दुसरा सहज सरकेल असे घ्या. बाहेरचा पाइप एका टॉवरच्या पट्टीला, आतला दुसऱ्या टॉवरच्या पट्टीला पक्का करा. आतल्या पाइपवर घट्ट बसणारी रबरी ओ-रिंग चढवून बाहेरच्या पाइपच्या तोंडाला टेकवा. वायर, बेल्ट, पंखा यांपासून सगळं लांब राहील असं बांधा. रिकाम्या मैदानात ३०-४० च्या वेगाने दोन्ही बाजूंना गोल फिरवा, एक स्पीडब्रेकर घ्या. टॉवर जवळ आले की पाइप आत जातो आणि रिंगला ढकलतो. गाडी थांबवून रिंग आणि पाइपच्या तोंडामधली फट व्हर्निअरने मोजा.

फट दीड-दोन मिलिमीटर आली, जुन्या झेन-एस्टीमच्या पातळ पत्र्यात किंवा रुंद, चिकट टायर घातलेल्या गाडीत येऊ शकते, तर बार घ्या. वळणात शिरताना स्टिअरिंगला थोडी तत्परता जाणवेल. अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिली तर दोन्ही पाइप भंगारवाल्याला परत.