क्लाउडवरचा पहिला सर्व्हर उभारा, आणि नीट मोडा

इंटरनेटवरून भाड्याने सर्व्हर कुणाकडून घ्यावा: एडब्ल्यूएस (ॲमेझॉन), अझ्युअर (मायक्रोसॉफ्ट) की गूगल क्लाउड? नवशिक्यांचा हा पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात बिनमहत्त्वाचा. नावं वेगळी, माल बराचसा तोच. ऑफिसात जे वापरतात ते घ्या, तसं काही नसेल तर नाणं उडवा. या विषयावरचे तासाभराचे तुलनात्मक व्हिडिओ बघण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात सर्व्हर उभा करून मोडूनही होतो. उभारणं सगळेच शिकवतात. मोडणं, म्हणजे भाडं थांबेल असं सगळं काढून टाकणं, शिकवणारा क्वचित भेटतो, म्हणून हा लेख.

१. खातं उघडा

ईमेल, फोन, कार्ड, झालं. लगेच मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा, रोजच्या कामासाठी मोजक्या अधिकारांचा वेगळा युजर करा आणि मुख्य खात्याला पुन्हा हात लावू नका. ॲक्सेस की (खात्याची पासवर्डसारखी किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, चढवू नका. अशा किल्ल्या हुडकत फिरणारे बॉट चोवीस तास जागे असतात.

२. बजेट अलर्ट लावा

लावाच, पण तो भोंगा आहे, ब्रेक नव्हे. ठरवलेला आकडा ओलांडला की मेल येतो. सर्व्हर मात्र चालूच राहतो. शिवाय खर्चाचे आकडे काही तास उशिरा दिसतात, म्हणजे भोंगाही उशिराच वाजणार. ‘अलर्ट लावला की निर्धास्त’ असं सांगणाऱ्याने स्वतःचं बिल कधी नीट वाचलेलं नसतं.

३. रीजन निवडा

रीजन म्हणजे सर्व्हर जिथे ठेवलेत तो प्रदेश. जवळचा कुठलाही. पण नाव कागदावर लिहून ठेवा. हे का, ते पुढे कळेल.

४. सर्व्हर सुरू करा

सगळ्यात लहान आकार, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि पोर्ट २२, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायचं दार, फक्त स्वतःच्या आयपीसाठी (इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी) उघडं. किल्लीची फाइल एकदाच डाउनलोड होते, जपून ठेवा आणि तिची परवानगी ४०० (फक्त तुम्हाला वाचता येईल अशी) करा, नाहीतर एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, ती घेतच नाही. जोडणी होत नसेल तर आधी चूक वाचा. नुसतं ताटकळून ‘टाइमआउट’ आलं तर बहुतेक वेळा फायरवॉलमध्ये (कुणाला आत सोडायचं त्या नियमांत) घोळ असतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर दारापर्यंत पोचलात, किल्ली किंवा युजरचं नाव चुकलंय. हा फरक न कळल्यामुळे लोक सर्व्हरवर सर्व्हर उभारत बसतात आणि जुने तिथेच राहतात.

५. मोडा

इथे मी स्वतः आपटलोय. एका ट्युटोरियलमध्ये सांगितलं तसं दुसऱ्या रीजनमध्ये जाऊन लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरांत वाटणारा) आणि नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरांना इंटरनेटवर नेणारा) बनवले, सराव झाल्यावर नेहमीच्या रीजनमध्ये परतलो. यादी रिकामी. वाटलं, सगळं साफ आहे. महिनाअखेरीस बिल आलं तेव्हाही मी तीच रिकामी यादी पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होतो. एडब्ल्यूएसमध्ये वरच्या कोपऱ्यात रीजनचं नाव बारीक अक्षरात असतं, तिकडे बघायचं सुचायला तीन दिवस गेले. गेटवेमधून एक बाइटही जात नव्हता, तरी तासाचं भाडं चढतच होतं. महिन्याचे साधारण ७३० तास होतात, हे त्या दिवशी पाठ झालं.

तेव्हा पहिली गोष्ट, ‘स्टॉप’ म्हणजे मोडणं नव्हे. सर्व्हर थांबतो, पण डिस्क तशीच राहते आणि तिचं भाडंही. राखून ठेवलेला आयपी, घेतलेले स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती), यांचंही तेच. अझ्युअरमध्ये तर आणखी गंमत: सर्व्हरच्या आत शिरून शटडाउन केलंत तर मशीन बंद दिसतं, पण प्रोसेसरचं भाडं चालूच. पोर्टलवरून थांबवून ‘डीॲलोकेटेड’ हा शब्द दिसला तरच ते थांबतं. एडब्ल्यूएसच्या आरडीएस या डेटाबेस सेवेतला थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. हा दोष नव्हे, नियम आहे, कागदपत्रांत लिहिलेला. पण नवशिका तिथवर वाचतो कुठे!

दुसरी गोष्ट, क्रम. सर्व्हर टर्मिनेट, म्हणजे कायमचा डिलीट, केला आणि दोन मिनिटांनी तसाच नवा उभा दिसला, तर घाबरू नका, खातं हॅक झालेलं नाही. मागे ऑटो स्केलिंग ग्रुप (सर्व्हरांची ठरलेली संख्या आपोआप राखणारी सोय) आहे आणि तो आपलं काम चोख करतोय. आधी तो ग्रुप काढा. मग लोड बॅलन्सर, गेटवे, सुट्या डिस्क, स्नॅपशॉट, आणि शेवटी आयपी सोडून द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे माझा हट्ट समजा: सरावाचं सगळं एका पिशवीत ठेवा. अझ्युअरमध्ये त्यासाठी रिसोर्स ग्रुप आहे, गूगलमध्ये प्रोजेक्ट. पिशवी डिलीट केली की आतलं सगळं जातं. गूगलमध्ये प्रोजेक्ट बंद केल्यावर ३० दिवस तो परत मिळवण्याची सोयही असते. एडब्ल्यूएसमध्ये एवढी सरळ पिशवी नाही, म्हणून प्रत्येक वस्तू बनवतानाच तिला ‘सराव’ असा टॅग (खुणेची चिठ्ठी) लावा आणि मोडताना टॅग एडिटर या तिथल्याच पानावर सगळे रीजन निवडून शोधा. ‘नंतर लावू’ म्हटलेला टॅग कधीच लागत नाही.

६. बिल बघा

मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी बिलाचं पान उघडा, सेवेनुसार आणि रीजननुसार विभागणी लावा. कागदावर लिहिलेल्या रीजनखेरीज दुसरं नाव दिसलं, तर तिथे काहीतरी राहिलंय. तीन दिवसांनी पुन्हा बघा. त्या दिवसाचा आकडा शून्य असेल तर मोडणं पूर्ण झालं. नसेल तर ज्या सेवेपुढे आकडा आहे तिथूनच शोध सुरू करा.