ग्रुप चालला, चित्रं राहिली : कलाकारांचा ऑनलाइन गट सांभाळताना या चुका टाळा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या एका मुलाच्या जलरंगातल्या आकाशावर चौथा परिच्छेद टाइप करत होते. "मॅडम, चित्रं?" एवढंच ते म्हणाले. दिवाळी अंकातल्या दोन कथांची मिळून सहा चित्रं त्या दिवशी द्यायची होती. झाली होती साडेतीन. चौथ्या चित्रातली बाई आठवडाभर बिनचेहऱ्याची उभी होती.

मी फ्रीलान्स चित्रकार आहे. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, अधूनमधून एखादं माहितीपत्रक, यावर घर चालतं. शिवाय चित्रकारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवते. घरचे त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. सव्वातीनशे माणसं आहेत, बोरिवलीपासून भंडाऱ्यापर्यंत, दोघी गोव्याच्या, एक न्यू जर्सीत. या दोन्ही चुलींवर एकदम स्वयंपाक करताना जे जे करपलं, ते इथे लिहिते आहे. क्रमाला फार अर्थ नाही, पण पहिली चूक सगळ्यांत महाग पडली.

सकाळ ग्रुपला देणं

त्या फोननंतर मी दोन आठवडे एका वहीत वेळ लिहून काढला. मला वाटत होतं, ग्रुपला फार तास जात असतील. तासांचा आकडा तसा बरा निघाला. भलतंच काहीतरी दिसलं. मी ग्रुपवर गेले त्यातल्या बहुतेक वेळा, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत माझं चित्र अडलेलं होतं.

चित्र अडलं की हात फोनकडे जातो. तिथे कुणाच्या रेषेबद्दल दोन बऱ्या ओळी लिहिल्या की लगेच जोडलेले हात, बदाम, "ताई, खूप शिकायला मिळालं!" संपादक चित्र मिळाल्यावर "ओके" लिहितात आणि मानधन पाडव्यानंतर पाठवतात. मग मन कुठे रमणार? सेवा, देणं वगैरे शब्द मी त्याला मागाहून चिकटवले. त्या क्षणी मी बिनचेहऱ्याच्या बाईपासून पळत होते.

म्हणून "वेळेचं नियोजन करा" हा सल्ला मला उपयोगी पडला नाही. उपयोगी पडलं ते एवढंच : दुपारी एकपर्यंत फोन स्वयंपाकघरात, ग्रुप रात्री नऊ ते पावणेदहा. पहिल्या आठवड्यात हेही फसलं, कारण लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडंच होतं. तिथूनही बाहेर पडले तेव्हा कुठे जमलं. चित्र अडलंच तर आता त्याच कथेची काडेपेटीएवढी दहा कच्ची चित्रं काढते. त्यातली नऊ टाकाऊ असतात, पण हात टेबलावरच राहतो.

रात्री अकरानंतर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी ग्रुपची सेटिंग करतो आम्ही. ते आपोआप होत नाही, कुणालातरी रोज बटण दाबावं लागतं. नागपूरचा एक निशाचर सदस्य ते इमानेइतबारे करतो.

"जरा खासगीत बघता का?"

सकाळ वाचली तरी संध्याकाळ खाणारी गोष्ट ही. लोक ग्रुपवर विचारायला लाजतात, म्हणून वेगळा मेसेज करतात. किती पैसे सांगू, टॅबलेट कुठला घेऊ, हे चित्र कसं वाटतं. तुम्ही मन लावून उत्तर देता आणि ते एकालाच मिळतं. पुढच्या मंगळवारी तोच प्रश्न दुसरीकडून येतो.

मी आता खासगीत एकच वाक्य लिहिते : "हे ग्रुपवर टाकशील? नाव नको असेल तर मी तुझ्या नावाशिवाय टाकते." निम्मे लोक टाकतात. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपच्या वर पिन करून ठेवता येतात, पण ती पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, मग पुन्हा लावावी लागते. हे माहीत नसल्यामुळे आमचे नियम एकदा महिनाभर गायब होते आणि सगळ्यांना वाटलं, ताईंनी नियम काढले!

कॅलेंडर परक्या देशाचं

इंकटोबर ठाऊक असेलच. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलेला उपक्रम, ऑक्टोबरचे ३१ दिवस रोज एक शाईचं चित्र. छान आहे. आम्हीही उत्साहाने घेतला, रोजचा विषय मराठीत द्यायचा, रात्री निवडक चित्रं लावायची, सगळं माझ्याकडे.

मराठी चित्रकाराचा हंगाम कुठला, हे मात्र मी विसरले. दिवाळी अंकांच्या कथा आषाढ-श्रावणात हातात येतात आणि चित्रं गणपतीच्या आगेमागे मागितली जातात. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, तेव्हा ऑक्टोबर लागेपर्यंत माझं टेबल रिकामं झालं होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबरला गेलं आणि अंकांचं काम ऑक्टोबरात शिरलं. त्यात रोजचं आव्हान. आठव्या दिवशी मीच गळाले, आणि माझ्यामागोमाग ग्रुप.

आता वर्षाच्या सुरुवातीला आधी पंचांग बघतो, मग उपक्रम ठरवतो. आषाढ ते आश्विन ग्रुपवर काहीही मोठं करायचं नाही. आमचं रोज-एक-चित्र जानेवारीत होतं. तेव्हा उजेड चांगला असतो, बाहेर बसून चित्र काढता येतं आणि प्रकाशकांची घाई नसते. तुमचं काम लग्नपत्रिकांचं किंवा मंडळांच्या बॅनरचं असेल तर तुमचा हंगाम वेगळा असेल. पण तो कागदावर लिहा.

कामाची वाटणी डोक्यातल्या डोक्यात करणं

ग्रुप मोठा झाला की कामं येऊ लागतात. "चित्रकार हवा आहे, ग्रुपवर टाकाल का?" असा मेसेज ॲडमिनलाच येतो, आणि इथे फार नाजूक घोटाळा होतो. कारण ॲडमिनसुद्धा चित्रकारच असतो आणि त्यालाही महिन्याचा हप्ता असतो.

एकदा मी असं एक काम स्वतःकडे ठेवलं. बावीस पानांचं पुस्तक, पैसे बरे. मेसेज मला आला म्हणून काम माझं, असं मी मनाशी म्हटलं. दोन महिन्यांनी ते कळलंच. कुणी भांडलं नाही. फक्त दोघीतिघी बोलायच्या बंद झाल्या. भांडण परवडलं असतं.

आता नियम लेखी आहे. माझं काम बघून, माझ्या नावाने विचारलं असेल तर ते माझं. "ग्रुपवर टाका" असं म्हटलं असेल तर ते त्याच दिवशी ग्रुपवर जातं, आणि मला हवं असेल तर मीही इतरांसारखाच अर्ज करते. सोबत चार गोष्टी असल्याशिवाय कुठलंही काम आम्ही टाकत नाही : किती चित्रं, किती पैसे, कधीपर्यंत आणि हक्क कुणाचे. "बजेट बोलून ठरवू" असं असेल तर आधी बोला, मग टाकतो. "पैसे नाहीत पण नाव होईल" वाल्यांना ग्रुपवर फुकट विनोद मिळतात.

चित्र माझं, हक्कही माझाच?

आमच्याकडे दोन वर्षं एक वाक्य वेदवाक्यासारखं फिरत होतं : काढलं त्याचा हक्क. मीही ते फिरवलं होतं. अर्धवट ज्ञान ग्रुपवर फार वेगाने पसरतं आणि ॲडमिनने सांगितलं की त्याला शिक्का बसतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारण नियम तसाच आहे, निर्माता हाच पहिला मालक. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे आपल्या रोजच्या कामातल्या बऱ्याच चित्रांबाबत गप्प बसणं अंगाशी येऊ शकतं. दुसरी बाजूही बघा. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून काम घेतानाच ईमेलवर एक ओळ लिहावी : हक्क चित्रकाराकडे, या अंकात एकदा छापण्याची परवानगी. आणि समोरच्याचं "मान्य" असं उत्तर जपून ठेवावं. मोठ्या कामाला मात्र सहीचा करारच करा आणि तो वकिलाला दाखवा. ग्रुपमधल्या ताईंना दाखवून भागत नाही.

याच ओघात आणखी एक. एका मुलीने न छापलेलं मुखपृष्ठ "कसं वाटतंय?" म्हणून ग्रुपवर टाकलं. आतल्या कुणीतरी कौतुकाने पुढे पाठवलं, पुढच्याने आणखी पुढे, आणि लेखकाला स्वतःच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ भाच्याच्या फोनवर बघायला मिळालं. पुढचं पुस्तक तिला मिळालं नाही. चूक तिची जेवढी, तेवढी माझीही, कारण तसा नियमच नव्हता. आता छापलं न गेलेलं काम टाकायचं नाही. मत हवं असेल तर दोघांना खासगीत दाखवायचं. हो, हे माझ्याच आधीच्या सल्ल्याच्या उलट आहे.

थकबाकीदाराचं नाव चव्हाट्यावर

पैसे बुडाले की माणूस चिडतो आणि ग्रुपवर नाव घेऊन लिहितो. दहा जण दुजोरा देतात, पंधरा मिनिटांत स्क्रीनशॉट त्या माणसाकडे पोहोचतो. मग पैसे राहतात बाजूला, बदनामीची नोटीस कशी टाळायची हीच चिंता. ॲडमिनचे त्यात किती दिवस जातात ते विचारू नका.

चिडलेल्याला आम्ही आता उद्यम नोंदणीकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीकडे पाठवतो. ती मोफत आहे, ऑनलाइन होते, आणि सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी मात्र काम घेण्याच्या आधीची असावी. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि या व्याजाची एक ओळ लिहायला लागल्यापासून माझी दोन जुनी गिऱ्हाईकं वेळेवर पैसे देतात. तिसरं अजून पाडव्याचीच वाट बघतं.

ग्रुपचे पैसे आपल्या खात्यात

कार्यशाळेची फी माझ्या यूपीआयवर यायची. मार्चमध्ये हिशेब करताना कुठली रक्कम माझी आणि कुठली कागदाची, हॉलच्या भाड्याची, हे शोधायला तीन दिवस गेले. वर ती सगळी माझ्याच खात्यावर जमा दिसते, म्हणजे कर सल्लागाराला समजावणं आलं. वेगळं खातं उघडा, दोघांना व्यवहार दिसू द्या, हिशेबाचा फोटो ग्रुपवर टाका. विषय संपला.

एकखांबी तंबू

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलाकारांचा गट मुंबईत १९४७ मध्ये सुरू झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, आणि १९५६ पर्यंत ग्रुप संपलाही होता. ग्रुप टिकवायचा म्हणून कुणी चित्रं बाजूला ठेवली नाहीत, आणि त्याबद्दल आज कुणी त्यांना बोल लावत नाही. आमची तुलना त्यांच्याशी नाही, पण "ताई, तुम्ही गेलात तर ग्रुपचं काय होणार?" असं कुणी म्हटलं की मला ही सहा नावं आठवतात.

तरी ग्रुप चालावा असं वाटत असेल तर एकट्याने चालवू नका. एकच ॲडमिन असेल आणि तो बाहेर पडला तर व्हॉट्सॲप कुणालातरी आपोआप ॲडमिन करतं, मग तो सदस्य दोन वर्षं झोपलेला का असेना. आम्ही चौघे आहोत, आठवड्याची पाळी. व्हॉट्सॲप १,०२४ जणांना आत घेऊ देतं म्हणून आम्ही तेवढे भरत नाही. पाळी नसलेल्याने मध्ये बोलायचं नाही, हा नियम मीच केला आणि तो पाळणं मलाच सगळ्यांत जड जातं.

गेल्या जुलैत रत्नागिरीहून एकीने विचारलं, जलरंगाच्या कागदावर रंग डागाडागांनी आत शोषला जातोय, काय करू? कोल्हापूरच्या एकाने तत्काळ उत्तर दिलं : कागद उन्हात वाळव. चुकीचं होतं. दमटपणाने कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच आत शोषू न देणारा लेप, गेलं की ते वाळवून परत येत नाही. उरलेले कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेल घालून ठेवायचे आणि बिघडलेले पेस्टलला वापरायचे. माझी पाळी नव्हती. दुपारचे बारा वाजले होते, मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले होते आणि फोन तिथेच होता. वाचलं, तसाच पालथा ठेवला. रात्री नऊला उघडलं तर गोव्यातल्या एकीने सगळं नीट समजावून सांगितलं होतं, पिशवीच्या फोटोसकट. कोल्हापूरकराने खाली लिहिलं होतं, "अरेच्चा, मग माझे पण गेले."