उजवा पाय मागे की डावा? पोहण्याच्या स्टार्टच्या या चुका टाळा

आमच्या सोलापुराकडच्या कित्येक पोरांचा पहिला स्टार्टिंग ब्लॉक (शर्यतीत उडी मारायचा तलावाकाठचा ओटा) म्हणजे विहिरीचा काठ. पाठीला डबा, खाली हिरवं पाणी आणि मागून चुलता ओरडतोय, "मार की बे उडी!" तिथं जो उंच उडून मुटका मारतो त्याला मान. शर्यतीत हीच सवय नडते. पोरगं वर उडतं, पुढे जात नाही.

पण मला जास्त छळते ती पायाची चूक. "बॉल कुठल्या पायानं मारतोस? उजव्या? मग उजवा मागे." मीही वर्षानुवर्षं हेच सांगायचो. बॉल मारताना पाय नेम धरतो, ब्लॉकवर त्याला अख्खं अंग ढकलायचं असतं. त्यातही दोन पायांची कामं वेगळी. मागचा पाय ब्लॉकवर मागे बसवलेल्या तिरक्या पाटीवरून जोर लावून आधी सुटतो. पुढचा, बोटं कडेवर रोवून, सगळ्यात शेवटी ब्लॉक सोडतो. दणकट पाय दोन्हीकडे उपयोगी पडतो, म्हणून करूनच बघावं लागतं.

उजवा मागे ठेवून पाच आणि डावा मागे ठेवून पाच स्टार्ट घ्या, अंग ताजं असताना, दिवस आलटून-पालटून. बाजूनं मोबाइलवर शूट करा. कुठल्या बाजूनं ब्लॉक लवकर सुटतो ते बघू नका. लेनच्या दोरीवर १५ मीटरला वेगळ्या रंगाचा मणी असतो, तिथं डोकं कधी पोचतं ते मोजा. नवी बाजू सुरुवातीला अवघडच वाटणार, लगेच निकाल लावू नका.

आणि शर्यतीच्या दिवशी पाय बदलू नका. एका मुलीला मी ऐन सकाळी बदलायला लावला. उडी तिरकी गेली, खांदा दोरीवर घासला. चूक माझी, लाल वळ तिच्या खांद्यावर.

गॉगल गळ्यात येतो? नवा घेऊ नका, हनुवटी बघा. 'टेक युअर मार्क्स' या तयारीच्या हुकुमाला मान वर करून समोर बघितलं की छाती आधी आपटते. नजर खाली ठेवा. हात जिथं पाण्यात शिरले, त्याच भोकातून डोकं, कंबर, पाय गेले पाहिजेत.

काहीजण मागच्या टाचेवर बसकण मारतात. कंबर उंच हवी, मागचा गुडघा साधारण काटकोनात. गुडघा सरळच असेल तर ढकलणार कशानं? मागची पाटी ऑलिंपिकमध्ये २०१२ ला लंडनला दिसली, पण जुन्या तलावांवर अजून सपाट ब्लॉक आहेत. तिथं पाय फार मागे टाकला की ओल्या फरशीवर घसरतो. थोडा जवळ घ्या.

उथळ बाजूनं सराव तर नकोच. ब्लॉक असेल तिथं भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर पाणी लागतं. उन्हाळ्यात तलावाची पातळी उतरलेली असते, तेव्हा आधी काठी घालून खोली बघा, मग पोरांना वर चढवा.