भूक किती, पोट भरलं किती?

जेवायला बसण्याआधी भुकेला १ ते १० गुण द्या. १ म्हणजे भुकेनं चक्कर, १० म्हणजे पोटाला तडस. ३-४ वर जेवायला बसा. त्याहून उशीर झाला की घास नीट चावला जात नाही, हात आवरत नाही आणि हमखास जास्त खाल्लं जातं. खरी भूक हळूहळू वाढते. एकाच पदार्थाची अचानक उठलेली इच्छा बहुधा कंटाळ्याची किंवा ताणाची.

पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. म्हणून फोन बाजूला ठेवा, अर्धं ताट संपलं की दोन मिनिटं थांबा. पहिल्या घासाची चव आता फिकी वाटतेय? ६-७ गुण झाले, उठा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र भुकेची वाट न पाहता डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळावी.